सायकलने कामावर जाताना: पणजी आणि परिसरातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

सायकलने कामावर जाण्याचा विचार मनात आला की बहुतेकजण आधी दुकान गाठतात आणि कोणती सायकल घ्यावी, किती गिअरची घ्यावी, याच चौकशीत महिना घालवतात. माझ्या अनुभवाप्रमाणे हा क्रम उलटा आहे. गोव्यात आधी वाट ठरवावी आणि मग त्या वाटेला साजेशी सायकल घ्यावी; कारण इथली शहरे नदी, खाजण (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) आणि पठार यांच्यामध्ये वसलेली आहेत आणि दोन ठिकाणांमधले अंतर सारखे असले तरी एक वाट सपाट बांधावरून जाते, तर दुसरी सरळ डोंगर चढते. रायबंदर ते पणजी आणि बेती ते पर्वरी या दोन वाटांवरून जाणाऱ्यांना एकच सल्ला देता येणार नाही.

वाट ठरवणे

पहिल्या आठवड्यात सायकलला हात लावू नका. रोजच्या वेळेला रोजच्या बसने जा, पण डाव्या बाजूच्या खिडकीशी बसा आणि रस्त्याच्या कडेकडे पाहत राहा. डांबर कुठे संपते, गटारावरची जाळी कुठे उघडी आहे, बस कुठे थांबते, गाड्या कुठे उभ्या करून ठेवलेल्या असतात, कुठल्या वळणावर पाणी साचते, हे सगळे खिडकीतून जितके स्पष्ट दिसते तितके दुचाकीवरून कधीच दिसत नाही. त्यानंतर एखाद्या रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, रहदारी नसताना, तीच वाट सायकलने पार करा आणि घड्याळ लावा. नवखा माणूस सपाट रस्त्यावर ताशी बारा ते पंधरा किलोमीटर वेगाने सहज जातो, म्हणजे पाच किलोमीटरला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. कामाच्या दिवशी सिग्नल आणि चौक यांच्यासाठी आणखी दहा मिनिटे धरावीत.

पणजीच्या आसपासचे चढ आधीच माहीत असलेले बरे. मिरामार, करंझाळे, सांतिनेज आणि ताळगावचा सखल भाग जवळपास सपाट आहे; दोनापावलाकडे समुद्राच्या कडेने जाताना शेवटी चढ लागतो. पणजीतल्या मळा भागातून सांताक्रूझ आणि मेरशीकडे जाणारा जुना रस्ताही सोपा आहे, पण तिथून बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळलात की महामार्गाचा लांब चढ आणि जड वाहने दोन्ही एकदम समोर येतात. आल्तिनोवर चढणारे रस्ते आखूड पण तीव्र आहेत. मांडवी नदी ओलांडून पर्वरीला सचिवालयाच्या दिशेने जाणारा चढ या सगळ्यांत दमवणारा आहे, आणि जुने गोवे सोडून कदंब पठारावरून येणाऱ्या बगलमार्गावरही तशीच चढण आहे. दक्षिणेत वेर्ण्याची औद्योगिक वसाहत पठारावर असल्यामुळे मडगावकडून येणाऱ्यांना शेवटचा टप्पा चढाचा पडतो. अशा वाटेवर सकाळी चढ आणि संध्याकाळी उतार असेल, तर घामाची सोय कार्यालयात करावी लागते. उलट असेल, तर घरीच आंघोळ करता येते. ही साधी गोष्ट सायकलने जाणे टिकते की नाही, हे बऱ्याच अंशी ठरवते.

नदी ओलांडायची असेल, तर पुलाचा वेगळा विचार करावा लागेल. जानेवारी २०१९ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही, त्यामुळे सायकलस्वाराला मांडवीवरच्या खालच्या जुन्या पुलांवरूनच जावे लागते आणि तिथे गाड्यांचा वेग, पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या आणि बाजूने येणारा वारा यांचा एकाच वेळी सामना करावा लागतो. नवख्याने पहिले काही महिने पुलाऐवजी पणजी-बेती फेरीबोट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बेतीहून वेरे आणि नेरूलकडे जाणारा नदीकाठचा रस्ता चांगल्यापैकी सपाट आहे. पर्वरी गाठायची असेल, तर मात्र बेतीहूनही चढावेच लागते.

आता वाऱ्याविषयी. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. सायकलवर बसले की ते पायांना कळतात. दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा वाहतो, म्हणजे गोव्यात तो पश्चिमेकडून येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे आणि सकाळी लवकर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. याचा परिणाम असा, की रायबंदरला राहून पणजीत काम करणाऱ्याला सकाळी पश्चिमेकडे जाताना आणि संध्याकाळी पूर्वेकडे परतताना दोन्ही वेळा वारा पाठीशी मिळतो, तर मिरामारला राहून जुन्या गोव्याला जाणाऱ्याला दोन्ही वेळा तो छातीवर घ्यावा लागतो. या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांवर सकाळी आणि संध्याकाळी ऊनही येते, आणि त्याच दिशेने मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांवर ते येत असते. म्हणून अशा वाटेवर मागचा लाल दिवा दिवसाही सुरू ठेवावा.

पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा बांध सतराव्या शतकात, १६३० च्या दशकात, पोर्तुगीज व्हाइसरॉय असलेल्या लिन्यारिसच्या काउंटाच्या काळात बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटरचा हा रस्ता सपाट आहे, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खारफुटी आहे, आणि सकाळच्या वेळी या रस्त्याइतकी सुंदर वाट मला माझ्या परिसरात दुसरी माहीत नाही. पण तो अरुंद आहे, बसेस त्यावरून धावतात आणि वाटेत सावलीची किंवा आडोशाची जागा फारशी नाही. एकदा बांधावर चढलात की पलीकडे पोहोचेपर्यंत थांबायचे नाही, असे समजूनच पावसाचे आणि पाण्याचे नियोजन करा.

सायकल निवडणे

सपाट वाटेसाठी गिअर नसलेली साधी, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली सायकल पुरेशी आहे. आपल्या गावचा पोदेर, म्हणजे पाववाला, रोज पहाटे आणि संध्याकाळी पावांनी भरलेली टोपली मागे बांधून अशाच सायकलवर दारोदार फिरतो. पाऊस आला की प्लास्टिकने टोपली झाकतो, भोंगा वाजवत एका संथ, ठाम रेषेत चालतो आणि कुठेही घाई करत नाही. नवख्याने त्याच्याकडे नीट पाहावे. चढ असेल तर सात किंवा अधिक गिअरची, सरळ हँडलची हायब्रीड सायकल घ्यावी. फार रुंद, खाचांचे टायर असलेली डोंगरी सायकल दिसायला दणकट असते, परंतु डांबरावर ती जड चालते. अगदी बारीक टायरची शर्यतीची सायकल आपल्या खड्ड्यांसाठी नाही. पर्वरी किंवा बांबोळीचा चढ रोजचा असेल आणि गुडघे साथ देत नसतील, तर बॅटरीच्या मदतीने चालणारी सायकल हा चांगला पर्याय आहे. अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा अधिक न धावणाऱ्या अशा सायकलींना मोटार वाहन म्हणून नोंदणी लागत नाही.

फ्रेमचे माप मात्र तडजोडीने घेऊ नका. माझी पहिली सायकल एका दुकानदाराने, हीच शिल्लक आहे आणि सीट खाली केली की चालेल, असे सांगून दिली. ती माझ्या उंचीला मोठी होती आणि गुडघेदुखीमुळे पहिले चार महिने मला ती नीट चालवताच आली नाही. फ्रेमच्या आडव्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहावे. पाय जमिनीवर पूर्ण टेकल्यावर दांड्याच्या वर काही बोटे जागा उरली पाहिजे. सीटची उंची अशी ठेवावी, की पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ होईल. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. नवखे लोक भीतीने सीट फार खाली ठेवतात आणि दुखणे गुडघ्यावर ओढवून घेतात.

सायकलीबरोबर लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, घंटी, हेल्मेट, दोन्ही चाकांना लांब मडगार्ड, मागे कॅरिअर आणि चांगले कुलूप. यांपैकी दिव्यांवर हात आखडू नका. डिसेंबरात पणजीत सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो आणि पावणेसहाला कार्यालय सुटलेल्या माणसाला घर गाठेपर्यंत अंधार पडतो.

घाम, कपडे आणि सामान

किनाऱ्यावरची हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही आणि त्यावर इलाज वेगात नाही, संथपणात आहे. सकाळी साडेआठच्या आत पोहोचता येईल असे निघा, शेवटचे एक किलोमीटर मुद्दाम हळू चालवा आणि कार्यालयात आल्यावर दहा मिनिटे पंख्याखाली बसूनच शर्ट बदला. लगेच बदललात तर दुसरा शर्टही ओला होतो. बॅग पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधा किंवा बाजूला लटकणारी थैली वापरा, कारण ओली पाठ ही पाठीवरच्या बॅगेचीच देणगी असते. सोमवारी पाच दिवसांचे शर्ट एकत्र नेऊन कपाटात ठेवणे, आणि एक जोडी बूट कायम तिथेच असणे, ही व्यवस्था अनेकांना सोयीची पडते. एप्रिल-मे महिन्यांत सोबत किमान एक लिटर पाणी ठेवा. घरी परतल्यावर मीठ घातलेले कोकम सरबत घेतले, तर दुसऱ्या दिवशी पाय जड वाटत नाहीत.

सायकल कुठे ठेवायची, हे पहिल्या दिवसाच्या आधीच इमारतीच्या राखणदाराला भेटून ठरवा. सावलीची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेतली जागा मागा, आणि कुलूप नेहमी चाक व फ्रेम दोन्हींमधून घेऊन न हलणाऱ्या खांबाला लावा.

रहदारीत चालवताना

सुरुवातीला आठवड्यातून एकच दिवस जा. बुधवार चांगला, सोमवारची धावपळ नसते आणि शुक्रवारनंतरची पर्यटकांची गर्दीही नसते. चार आठवडे असे झाले, की दोन दिवस करा.

रस्त्याच्या अगदी कडेला, गटाराला चिकटून चालवणे सुरक्षित वाटते, पण ते तसे नाही. तिथे वाळू, काच, तुटलेले डांबर आणि गटाराच्या जाळ्या असतात, आणि खड्डा चुकवण्यासाठी अचानक उजवीकडे वळावे लागते, जे मागच्या चालकाला अपेक्षित नसते. कडेपासून सुमारे एक मीटर आत, सरळ रेषेत चाला. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना उघड्या दाराइतके अंतर सोडा. अठरा जून मार्गासारख्या दुकानांच्या रस्त्यावर सायकलस्वाराला सर्वांत मोठा धोका मागून येणाऱ्या बसचा नसून बाजूला अचानक उघडणाऱ्या दाराचा असतो. आत माणूस बसलेला दिसला, की दार उघडणार असेच धरा.

बस थांब्यावर थांबत असेल, तर तिच्या डाव्या बाजूने पुढे जाण्याचा प्रयत्न कधीही करू नका. उतरणारे प्रवासी तुमच्या अंगावर येतील, किंवा बस निघताना तुम्ही तिच्या आणि पदपथाच्या मध्ये सापडाल. मागे थांबा. अर्धा मिनिट जातो, पण त्याला दुसरा उपाय नाही. गोव्यात खासगी बसेस हात दाखवला की थांबतात, त्यामुळे थांब्याच्या फलकावर विसंबून राहता येत नाही. वाहक दारात आला, की बस थांबणार हे ओळखावे.

काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक असलेली गाडी किंवा स्कूटर दिसली, तर ती भाड्याने घेतलेली आहे आणि चालवणाऱ्याला रस्ता माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. तो मोबाइलवरचा नकाशा पाहून मध्येच थांबेल किंवा सूचना न देता वळेल, म्हणून तिच्यामागे नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. त्या चालकावर राग धरण्याचे कारण नाही. तो परक्या गावात आहे.

दिवजा सर्कलसारख्या मोठ्या चक्राकार चौकात पहिले काही महिने सायकलवरून उतरा आणि पादचारी म्हणून रस्ता ओलांडा. यात कमीपणा काही नाही. पुढे आत्मविश्वास आला, की चौकात शिरण्यापूर्वी मागे वळून पाहावे, हात स्पष्ट लांब करून दिशा दाखवावी आणि मार्गिकेच्या मधोमध राहावे, म्हणजे कोणी बाजूने दाबून पुढे जाणार नाही. पणजीतले अनेक रस्ते एकेरी आहेत. सायकल आहे म्हणून उलट दिशेने शिरण्याची सवय लावून घेऊ नका, कारण गल्लीतून बाहेर पडणारा चालक त्या दिशेकडे पाहतच नाही. वास्को-मडगाव भागात रेल्वेचे फाटक ओलांडताना रूळ काटकोनात ओलांडा. तिरके गेल्यास चाक रुळाच्या खाचेत अडकते.

फेरीबोटीवर

फेरीबोटीवर सायकल नेता येते, फक्त चढण्या-उतरण्याची रीत सांभाळावी लागते. आधी मोठ्या गाड्या चढू द्या, मग सायकल हातात धरून चालत चढा आणि कठड्याजवळ उभे राहून दोन्ही ब्रेक दाबून ठेवा. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. चोडणच्या धक्क्यावर अशाच एका सकाळी मी सायकलवर बसूनच उतरत होतो. पुढचे चाक घसरले आणि गुडघा सोलून निघाला. तेव्हापासून भरती असो वा ओहोटी, मी उतारावर चालतच जातो. फेरीवर विसंबायचे असेल, तर एक फेरी चुकली तरी वेळेत पोहोचता येईल, इतका अवकाश हाताशी ठेवा.

पावसाळा

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सायकल सुरू करायला ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य आहे, म्हणजे पाऊस येईपर्यंत हात बसलेला असतो. पावसाळ्यात सायकल बंदच ठेवावी, असे सांगणारे बरेच भेटतील. मला ते पटत नाही. हे चार महिने सोडले आणि मे महिन्याची काहिलीही सोडली, तर वर्षात उरते काय? पावसात जाता येते; मात्र कोणत्या पावसात जायचे नाही, हे आधी ठरवून ठेवावे लागते.

विजा चमकत असतील, तर निघू नका. मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरातल्या संध्याकाळी गडगडाटी सरी येतात. वाटेत सापडलात तर पक्क्या इमारतीत आडोसा घ्या, झाडाखाली किंवा उघड्या बांधावर थांबू नका. रस्त्याचा तळ दिसत नाही इतके पाणी साचले असेल, तर उतरून बाजूने चाला किंवा मागे फिरा, कारण पाण्याखाली उघडे गटार असू शकते. जोराच्या वाऱ्यात माडांच्या रांगेखालून जाताना वर लक्ष ठेवा. झावळ आणि नारळ दोन्ही सूचना न देता पडतात.

बाकीच्या पावसासाठी दोन तुकड्यांचा, म्हणजे अंगरखा आणि विजार वेगळी असलेला रेनकोट वापरा. झुलीसारखा एकच मोठा रेनकोट वाऱ्याने फुगतो आणि चाकात अडकतो. छत्री धरून एका हाताने सायकल चालवणे हा जिवाशी खेळ आहे. पायांत चपला न घालता मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला आणि कार्यालयात ठेवलेले बूट तिथे बदला. कागद, मोबाइल आणि कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीचे तोंड खाली आणि दुसरीचे वर, असे गुंडाळा. बॅगेवर लिहिलेल्या जलरोधक या शब्दावर आपल्या पावसात भरवसा ठेवता येत नाही.

रिमला धरणारे ब्रेक ओल्यात उशिरा लागतात. थांबायचे आहे हे कळताच आधी ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्या आणि मग जोर द्या. कोरड्या रस्त्याच्या दुप्पट अंतर धरूनच चाला. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे, पुलांचे सांधे आणि उतारावरून वाहून आलेली लाल चिऱ्याची माती या चार गोष्टी ओल्यात सर्वांत निसरड्या होतात. त्यांच्यावरून जाताना वळू नका आणि ब्रेकही दाबू नका. पहिल्या एक-दोन सरी सर्वांत वाईट, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ तेव्हा वर येते.

सायकलची निगा

समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, मग पाऊस असो वा नसो. पावसात भिजून आल्यावर चेन जुन्या कापडाने पुसा आणि कोरडी झाल्यावर प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब टाका, चेन फिरवा आणि वरचे तेल पुन्हा पुसून टाका. वर राहिलेल्या तेलाला माती चिकटते आणि तीच चेन झिजवते. पावसाळ्यात हे आठवड्यातून दोनदा, एरवी दोन आठवड्यांतून एकदा पुरते. स्वयंपाकघरातले खोबरेल वापरू नका, सायकलच्या चेनचे किंवा शिवणयंत्राचे तेल वापरा. ब्रेकच्या तारा पावसाळा संपल्यावर बदलून घ्या.

हवा आठवड्यातून एकदा तपासा. किती हवा भरायची, ते टायरच्या कडेवर लिहिलेले असते. कमी हवेत खड्ड्यात ट्यूब चिमटली जाऊन पंक्चर होते. पेट्रोल पंपावरची हवा सायकलच्या छोट्या ट्यूबमध्ये क्षणात जास्त भरली जाते, म्हणून घरी हातपंप असावा. पंक्चर काढण्याचे साहित्य, एक जादा ट्यूब आणि टायर काढण्याचे दोन चमचे सोबत ठेवा, आणि रस्त्यात गरज पडण्याआधी घराच्या अंगणात तीन-चार वेळा चाक काढून पुन्हा बसवून पाहा. पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून बोट हळू फिरवून काटा किंवा काच शोधून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, नाहीतर तीही शंभर मीटरवर बसते.